इरविकुलम : ढगांतलं एक बेट

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. कळसूबाई! उंची १६४६ मीटर. आता कल्पना करा, तुम्ही कळसूबाईच्या देवळापाशी उभे आहात, वारा भणाणतोय, पाय दुखतायत, आणि कुणीतरी म्हणतंय, "चला, अजून हजार मीटर चढायचंय!" छे, वर तर नुसतं आकाश आहे. पण आपला हाच सह्याद्री दक्षिणेकडे जात जात केरळात पोचतो, तेव्हा खरोखर एवढा उंच होतो. तिथलं आनमुडी शिखर आहे २६९५ मीटर उंचीचं. दक्षिण भारतात त्याच्याहून उंच शिखर नाही.

आनमुडी आणि तिच्या भोवतालचे डोंगर मिळून जे राखीव रान आहे, त्याचं नाव इरविकुलम राष्ट्रीय उद्यान. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, मुन्नार गावाच्या जवळ. क्षेत्रफळ ९७ चौरस किलोमीटर. म्हणजे आकारानं आपल्या मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळपास. पण इथे असे प्राणी, पक्षी आणि फुलं राहतात, की ज्यांतली काही जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. आणि एक फूल असं, की ते पाहायला मोठ्या माणसांनाही बारा-बारा वर्षं थांबावं लागतं!

एवढ्याशा जागेत एवढी नवलं कशी काय जमली? या प्रश्नाचं उत्तर शोधतच आपण तिकडे जाऊ या.

कोचीत घाम, मुन्नारला स्वेटर

मुंबईहून कोकण रेल्वेनं निघालं, की बोगदे, नद्या आणि नारळाच्या बागा बघत बघत आपण एर्नाकुलमला पोचतो. एर्नाकुलम म्हणजे कोची शहराचाच भाग, अगदी समुद्रकाठी. हवा दमट, अंगाला चिकचिक. तिथून गाडी घाट चढायला लागते. आधी रबराच्या बागा दिसतात, मग वेलची आणि मिरी, आणि मग चहाचे हिरवेगार मळे. वळणावळणांनी पोटात गोळा येतो खरा, पण खिडकीतून येणारी हवा थंड थंड होत जाते. मुन्नारला उतरताना पिशवीतला स्वेटर बाहेर निघालेला असतो.

असं का होतं, ठाऊक आहे? आपण जसजसे उंच जातो, तसतशी हवा विरळ होते आणि थंड होते. साधारण हजार मीटर चढलं, की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. इरविकुलमचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. म्हणजे कोचीपेक्षा इथे बारा-तेरा अंशांचा फरक! हिवाळ्यात रात्री तर इथे गवतावर हिमकण साचतात. हो, केरळात! नारळ आणि समुद्राच्या केरळात पहाटे गवत पांढरंशुभ्र झालेलं असतं.

आता आपल्याला कोड्याचं पहिलं टोक सापडलं. खाली सगळीकडे उष्ण, दमट प्रदेश, आणि मध्येच वर आलेला हा थंडगार पट्टा. ज्या जिवांना थंडी लागते, त्यांना खाली उतरता येत नाही. त्यांच्यासाठी खालची गरम हवा म्हणजे समुद्रच. आणि डोंगराचा माथा? ते झालं बेट! शास्त्रज्ञ अशा जागांना 'आकाशातली बेटं' म्हणतात. पावसाळ्यात दऱ्या ढगांनी भरून गेल्या, की डोळ्यांनाही अगदी तसंच दिसतं. खाली पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेले हिरवे माथे.

गवत इथे, झाडं तिथे

उद्यानात आपली गाडी नेता येत नाही. प्रवेशद्वाराशी वनखात्याची बस असते. ती आपल्याला राजमला नावाच्या भागात सोडते आणि तिथून पुढे रस्त्यानं चालायचं. पर्यटकांना एवढाच भाग बघता येतो. बाकीचं सगळं उद्यान तिथल्या रहिवाशांसाठी राखलेलं आहे.

चालता चालता डोंगराकडे नीट बघा. काही वेगळं दिसतंय का? उतारांवर सगळीकडे गवत, आणि डोंगरांच्या घड्यांमध्ये, जिथून ओढे वाहतात तिथे, गर्द झाडांच्या राया. मध्ये कुठे विरळ झुडपं नाहीत, की झाडं हळूहळू कमी होत गेलेली नाहीत. गवत संपलं की लगेच जंगल, जंगल संपलं की लगेच गवत. या रायांना शोला म्हणतात.

गवतात झाडं का उगवत नाहीत? एक कारण तुम्हाला मघाशीच मिळालंय. ते पहाटेचे हिमकण आठवा. झाडाचं कोवळं रोपटं उघड्या माळावर उगवलं, तर थंडीत ते जळून जातं. गवताचं काय? त्याची वरची पाती वाळली, तरी बुडखा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा कोंब फुटतात. शोलाच्या आत मात्र मोठ्या झाडांच्या आडोशाला रोपट्यांचं रक्षण होतं. वणवे आणि जोराचे वारे हेही गवताच्या बाजूचे. अशी ही गवत आणि झाडं यांची वाटणी हजारो वर्षांपासून चालत आलेली आहे.

शोलातली झाडं बुटकी असतात, वाऱ्यानं वाकडी झालेली. त्यांच्या खोडांवर इंचभरही जागा रिकामी नसते. शेवाळ, नेचे, ऑर्किड, आणि दगडफुलासारखे लायकेन. गोड्या मसाल्यात आई जे दगडफूल घालते ना, तेही लायकेनच बरं का! हे सगळे जीव धुक्यातून पाणी घेतात. झाडांवर अडकलेलं धुकं थेंबाथेंबानं खाली गळतं, गवताखालच्या काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरतं, आणि मग ते ओढ्यांमधून सावकाश वाहत राहतं, पाऊस थांबल्यावरसुद्धा.

आणि वाहत वाहत कुठे जातं? पश्चिमेकडचं पाणी पेरियार नदीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेकडचं पाणी पांबार नदीत, तिथून अमरावती नदीत, तिथून कावेरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच डोंगरावर पडलेले दोन थेंब, आणि त्यांचे समुद्र वेगळे!

शेळी म्हणू की मेंढी?

थांबा, थांबा! रस्त्याच्या कडेला बघा. तपकिरी रंगाचा, शेळीएवढा प्राणी गवत खातोय. मागे वळलेली जाड शिंगं, आखूड दाट केस. आपल्याकडे एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागला. घाबरलाही नाही! हाच तो निलगिरी ताहर. केरळात त्याला 'वरयाडू' म्हणतात.

जगात हा प्राणी केरळ आणि तमिळनाडू या दोनच राज्यांच्या डोंगरांवर आढळतो. सगळे मिळून तीन हजारांच्या आत-बाहेर. त्यांतला सगळ्यात मोठा समूह या इरविकुलममध्ये राहतो. तमिळनाडूनं तर ताहरला आपला राज्यप्राणी केलंय.

मोठे नर लगेच ओळखू येतात. वय वाढत जातं तसा त्यांचा रंग गडद होतो आणि पाठीवर चंदेरी-करड्या केसांचा पट्टा उमटतो. पूर्ण वाढलेला नर ऐंशी ते शंभर किलो वजनाचा असतो. मादी त्याच्या निम्म्याएवढी.

पण याची खरी करामत बघायची असेल, तर कड्याकडे नजर टाका. जवळजवळ उभा कातळ, त्यावर वीतभर रुंदीची कपार, आणि तिथे ताहर निवांत बसून रवंथ करतोय! पाय कसे घसरत नाहीत? याचं रहस्य खुरांत आहे. खुराची कड टणक असते, ती खडकाच्या फटीत रुतते. आतली गादी मात्र मऊ आणि खरखरीत असते, ती चांगल्या ट्रेकिंगच्या बुटाच्या तळासारखी खडकाला धरून ठेवते. वाघ, बिबट्या किंवा रानकुत्र्यांची टोळी आली, की ताहर धावतात ते थेट कड्याकडे. त्या कपारींवर त्यांचा पाठलाग करणं कुणाला जमणार?

आता एक गंमत सांगू? ताहर हिमालयातही आहेत. दोघे दिसायला बरेचसे एकमेकांसारखे, म्हणून शास्त्रज्ञांना अनेक वर्षं वाटत होतं की ते सख्खे भाऊ असणार. मग २००५ मध्ये त्यांचे डीएनए तपासले गेले. निघालं भलतंच! हिमालयातला ताहर शेळ्यांच्या जवळचा, आणि आपला निलगिरी ताहर मेंढ्यांच्या जवळचा. दोघेही कड्यांवर राहतात, म्हणून दोघांची अंगकाठी एकसारखी झाली, एवढंच. शेवटी निलगिरी ताहरला स्वतःची वेगळी प्रजाती मिळाली. आज त्या प्रजातीत तो एकटाच आहे.

ताहरची पिल्लं साधारण जानेवारीपासून जन्माला येऊ लागतात. बहुतेक वेळा एका आईला एकच पिल्लू. म्हणून दर वर्षी साधारण फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात. बाळंतिणीच्या खोलीत आपण गर्दी करत नाही ना? मग इथेही नको. तेव्हा सहलीचा बेत आखताना हे दोन महिने वगळा.

बारा वर्षांनी वाजणारं घड्याळ

आता इथल्या सगळ्यात प्रसिद्ध रहिवाशाची भेट. नाव, नीलकुरिंजी. ही कमरेच्याही खाली राहणारी झुडपं गवताळ उतारांवर दाट वाढतात. पहिल्या वर्षी बघा, नुसती पानं. दुसऱ्या वर्षी बघा, पानं. पाचव्या वर्षी, आठव्या वर्षी, दहाव्या वर्षी... पानंच! लोक शेजारून जातात आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आणि मग बाराव्या वर्षी, पावसाळा ओसरू लागला, की ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास डोंगरच्या डोंगर जांभळट निळे होतात. एक झुडूप फुललं आणि दुसरं राहिलं, असं नाही. सगळी एकदम फुलतात! मधमाश्यांचे थवेच्या थवे येतात. मग फुलांच्या जागी बिया धरतात, आणि आयुष्यात एकदाच फुललेलं ते झुडूप मरून जातं. पाऊस आला की बिया रुजतात, आणि पुन्हा बारा वर्षांची मोजणी सुरू.

या फुलोऱ्याच्या नोंदी १८३८ पासूनच्या मिळतात. अलीकडची वर्षं बघा : १९८२, १९९४, २००६, २०१८. प्रत्येक वेळी बाराचीच उडी! २०१८ मध्ये मात्र नेमका फुलण्याच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, केरळात महापूर आला. मुन्नारचे रस्ते खचले, पूल वाहून गेले, आणि फुलं बघायला निघालेल्या कितीतरी लोकांचे बेत राहून गेले. पाऊस उघडल्यावर कुरिंजी फुलली, पण बघणारे त्या मानानं थोडेच होते.

आता तुम्ही विचाराल, "झुडपाला बारा वर्षं मोजता येतात कशी? त्याच्याकडे कॅलेंडर थोडंच आहे!" अगदी योग्य प्रश्न. हे नेमकं कसं घडतं, ते अजून कुणालाही पुरतं उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी याचा शोध लावायला हवा.

पण सगळ्यांनी एकदम का फुलायचं, याचं एक छान उत्तर शास्त्रज्ञ देतात. बिया खायला उंदीर, पक्षी, किडे टपलेलेच असतात. दर वर्षी थोड्या थोड्या बिया धरल्या, तर ते त्या सगळ्या फस्त करतील. पण बारा वर्षं काहीच नाही, आणि मग एकदम कोट्यवधी बिया! खाणाऱ्यांची पोटं भरतात, तरी असंख्य बिया उरतात. त्या उरलेल्यांतून पुढची पिढी उगवते. शिवाय पुन्हा बारा वर्षं खायला काही मिळणार नाही, म्हणून या बियांवर जगणाऱ्यांची संख्याही फार वाढत नाही. काय शक्कल आहे, नाही?

तिथल्या लोकांच्या जगण्यातही ही फुलं आहेत. कोडाईकनालला कुरिंजी आंडवर नावाचं मुरुगन देवाचं देऊळ आहे. २००६ मध्ये टपाल खात्यानं कुरिंजीचं तिकीट काढलं, आणि त्याच वर्षी खास या फुलासाठी, मुन्नारच्याच भागात, कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झालं. एका फुलासाठी अभयारण्य!

अरेच्चा, ही तर आपल्या ओळखीची!

कुरिंजीचं हे वर्णन वाचून गावाकडच्या मुलांना काहीतरी आठवलं असेल. बरोबर, कारवी! भीमाशंकर, माळशेज, लोणावळा, बोरीवलीचं संजय गांधी उद्यान, सगळीकडे सह्याद्रीच्या उतारांवर जी दाटीवाटीनं वाढते, तीच. कारवी आणि नीलकुरिंजी एकाच प्रजातीच्या, म्हणजे अगदी जवळच्या नात्यातल्या. शास्त्रज्ञ त्यांच्या प्रजातीला 'स्ट्रोबिलँथस' म्हणतात.

फरक एवढाच, की आपल्या कारवीचं घड्याळ वेगळं आहे. ती सात वर्षं वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. संजय गांधी उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. दुसऱ्या डोंगरावर तिचं वर्ष वेगळं असू शकतं. फुलून गेल्यावर तिची बोंडं वाळतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं, की तट् तट् आवाज करत फुटतात. बिया उडून दूर पडतात. जुन्या काळी कोकणात आणि मावळात कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून त्यावर शेणमाती लिंपत, आणि त्या कुडाच्या भिंतींची घरं उभी राहत. तुमच्या आजोबांना विचारून बघा, त्यांनी असं घर नक्की पाहिलेलं असेल.

पोहणं न शिकलेला बेडूक

आता आनमुडीच्या माथ्याकडे जाऊ या. पायांनी नाही, मनानं. कारण विशेष परवानगीशिवाय तिथे कुणालाच सोडत नाहीत. तिथे गवतात, बांबूच्या झुडपांच्या बुडाशी एक इवलासा प्राणी सरपटतोय. रंग भडक नारिंगी-लाल. पाय इतके आखूड, की उड्या मारण्यापेक्षा तो चालतोच जास्त. हा आहे बेडूक!

२०१० मध्ये डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेडकाची ओळख जगाला करून दिली. त्या सहकाऱ्यांत पुण्याचे डॉ. योगेश शौचे होते. बेडकाचं शास्त्रीय नाव 'राओर्चेस्टिस रिस्प्लेंडेन्स'. त्याचं सगळं जग म्हणजे आनमुडीचा माथा आणि त्याच्या आसपासची थोडीशी उंच जागा. पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही तो नाही.

पाठ्यपुस्तकात आपण काय शिकतो? बेडूक पाण्यात अंडी घालतो, अंड्यातून शेपटीवाला डिंभक निघतो, तो पाण्यात वाढतो, मग त्याला पाय फुटतात. इथे मात्र डोंगरमाथ्यावर तळं कुठून आणायचं? म्हणून या बेडकाची मादी बांबूच्या झुडपाच्या बुडाशी, आत ओलाव्यात अंडी घालते. डिंभकाचं सगळं वाढणं अंड्याच्या आतच होतं, आणि अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. पोहण्याची पायरीच गाळून टाकली!

खिंडीच्या अलीकडे, खिंडीच्या पलीकडे

डोंगरमाथे बेटं आहेत, याचा पुरावा पक्षीही देतात. इरविकुलमच्या उत्तरेला सह्याद्रीत एक मोठी खिंड आहे, पालघाटची खिंड. तीसेक किलोमीटर रुंद आणि खूप खोल. खिंडीच्या पलीकडे निलगिरी पर्वत, अलीकडे आनमुडी.

या डोंगरांत लाफिंगथ्रश नावाचे पक्षी राहतात. थवा बोलू लागला, की कुणीतरी खदखदा हसतंय असं वाटतं. निलगिरीतला लाफिंगथ्रश वेगळा आणि आनमुडीकडचा वेगळा. दोघांना उडता येतं, खिंडही काही फार रुंद नाही, तरी ते पलीकडे जात नाहीत. कारण खिंडीत खाली गरम हवा आहे, आणि त्यांना हवी असते थंडी आणि शोलाची सावली. लाखो वर्षं वेगवेगळे राहून ते दोन निराळे पक्षी झाले. शोलातच राहणाऱ्या, जमिनीजवळ हिंडणाऱ्या निळसर शोलाकिळी पक्ष्याचंही तसंच, दोन बाजूंना दोन जाती.

आनमुडीकडच्या लाफिंगथ्रशच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' असा शब्द आहे. हे फेअरबँक कोण? सॅम्युअल फेअरबँक नावाचे अमेरिकी मिशनरी. एकोणिसाव्या शतकात ते राहत होते आपल्या अहमदनगर भागात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात! पक्ष्यांचा त्यांना नाद होता. इरविकुलमच्या शेजारच्या पळणी डोंगरांत ते गेले आणि तिथले पक्षी त्यांनी अभ्यासाला मिळवले. म्हणून त्या पक्ष्याला त्यांचं नाव मिळालं.

जमिनीकडेही बघा

बारा वर्षांत कुरिंजी एकदाच फुलते, म्हणून बाकीच्या वर्षी इथे फुलंच नसतात असं समजू नका! पावसाळ्यात ओल्या कातळांवर तेरडे फुलतात. या डोंगरांत तेरड्याच्या कितीतरी जाती आहेत, गुलाबी, पांढऱ्या, जांभळट. काही तर शेवाळलेल्या झाडाच्या खोडावर वाढतात.

गवतात वाकून पाहिलंत, तर दवबिंदूचं रोप दिसेल. कासच्या पठारावर पाहिलंय का कुणी? पानांवर बारीक केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चमकणारा थेंब. तो थेंब पाण्याचा नाही, चिकट द्रवाचा. किडा बसला की अडकतो, पान हळूहळू मिटतं, आणि रोप त्या किड्याला पचवून टाकतं. पावसानं धुपलेल्या इथल्या जमिनीत नायट्रोजन कमी असतो. मग रोपानं तो किड्यांकडून मिळवला.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उंच गवताळ माळांवर एखादं वाकडं झाड लालभडक फुलांनी भरून जातं. ते ऱ्होडोडेंड्रॉन. त्याचे नातलग कुठे आहेत, सांगा बघू? थेट हिमालयात! मध्ये दोन हजार किलोमीटरचा उष्ण भारत. शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगात सगळीकडेच हवा थंड होती, तेव्हा थंडीतल्या वनस्पती खूप दूरवर पसरल्या. पुढे हवा गरम झाली. खालच्या मरून गेल्या आणि उंच माथ्यांवरच्या तेवढ्या उरल्या. बेटावर अडकलेल्या पाहुण्यांनी मग तिथेच घर केलं.

बेटाचे राखणदार

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इथल्या डोंगरांवर मळेवाले इंग्रज आले. आजूबाजूच्या डोंगरांवरचं जंगल तोडून त्यांनी चहा लावला. इरविकुलमचं पठार त्यांनी शिकारीसाठी राखून ठेवलं. पुढे त्यांच्याच संघटनेनं शिकारीवर नियम घातले आणि राखणीला इथले मुथुवान आदिवासी नेमले. या रानाची प्रत्येक वाट मुथुवान लोकांना ठाऊक होती. १९७१ मध्ये केरळ सरकारनं ही जमीन ताब्यात घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आजही वणवे रोखण्याच्या कामात वनखात्याबरोबर मुथुवान असतात.

तरी या बेटाला धोके आहेतच. दक्षिणेतल्या कितीतरी डोंगरांवर गवताच्या जागी वॅटल, पाइन आणि निलगिरीची झाडं लावली गेली. वॅटल आणि निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियातली. ती पसरली, की गवत मरतं, आणि गवताबरोबर ताहरचं खाणं आणि कुरिंजीची जागाही जाते.

दुसरा धोका हवामानाचा. पृथ्वी तापतेय, हे तुम्ही ऐकलंय. खाली गरम झालं, की थंडीतले जीव थोडे वर सरकतात. पण जो आधीच माथ्यावर राहतो, तो कुठे जाणार? आनमुडीच्या वर आणखी डोंगर नाही. त्या लाल बेडकाला सामान बांधून हिमालयात जाता येत नाही. म्हणूनच त्याचं हे एवढंसं घर जसंच्या तसं राखायला हवं. ते गेलं, तर तो जगातूनच जाईल.

आपण तिथे गेलो तर काय करायचं? ताहर जवळ आला, तरी हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही, कारण पायाखाली बारा वर्षं वाट पाहणारं रोप असू शकतं. फूल तोडायचं नाही. प्लास्टिक न्यायचंच नाही. आणि मोठ्यानं ओरडायचं नाही, म्हणजे शोलातला तो हसणारा पक्षी आपल्याला ऐकू येईल.

करून पाहा : कारवीची वही

इरविकुलमला सगळ्यांनाच लगेच जाता येईल असं नाही. पण शास्त्रज्ञाचं काम तुम्ही आजपासून, आपल्याच डोंगरात सुरू करू शकता.

१. एक वही घ्या. घराजवळच्या किंवा गावाकडच्या डोंगरावर कारवी आहे का, ते आजी-आजोबांना, गुराख्यांना, वनरक्षकांना विचारा.

२. ती शेवटची कधी फुलली, ते प्रत्येकाला वेगवेगळं विचारा आणि लिहून ठेवा. उत्तरं जुळतात का, ते तपासा. लग्न, पूर, दुष्काळ अशी आठवण विचारलीत, तर लोकांना वर्ष चटकन सांगता येतं.

३. त्या वर्षात आठ मिळवा. तुमच्या डोंगरावरची कारवी पुढे कधी फुलेल, याचा तुमचा अंदाज तयार झाला. तो तारखेसह लिहा.

४. दर पावसाळ्यात एकदा जाऊन बघा. झुडपांची उंची मोजा, कुठे एखादं झुडूप वेळेआधीच फुललंय का ते बघा. अशी चुकार झुडपं फार महत्त्वाची, त्यांची नोंद नक्की करा.

५. आता नीलकुरिंजीचं गणित. २०१८ मध्ये बारा मिळवले की येतं २०३०. त्या वर्षी तुमचं वय किती असेल? त्याच्या पुढच्या फुलोऱ्याला किती? आणि ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाला आयुष्यात जास्तीत जास्त किती वेळा हा फुलोरा बघता येईल?

उत्तरं वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. कारवीची वर्षं गावाच्या नावासह कळवलीत, तर ती आम्ही एकत्र करून छापू. वेगवेगळ्या डोंगरांवरची घड्याळं शेजारी शेजारी मांडली, की कदाचित तुमच्याच वहीतून मोठ्या शास्त्रज्ञांना उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागेल!